उमेदवाराच्या बायकोचा उपास

मी शिरूरला एका ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. मानवी प्रजननाचा धडा माझा तोंडपाठ आहे. त्यात पाळी कशी येते, का येते, याला आकृतीसकट भरपूर पानं आहेत. ती कशी जाते, याला दोन ओळी. त्या दोन ओळी मीही घाईघाईनं वाचून पुढं जायची. परीक्षेला येत नाहीत ना.

मग त्या दोन ओळी माझ्या अंगात शिरल्या.

थंडीचे दिवस होते. प्रॅक्टिकल चाललं होतं, पोरं सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याचा पापुद्रा बघत होती. एकाएकी छातीतून एक गरम वाफ उठली, मानेवरून कानांपर्यंत गेली आणि तिथंच बसली. ब्लाउज पाठीला चिकटला. मी जाऊन खिडकी उघडली, तर स्वेटर घातलेली पोरं माझ्याकडं बघायला लागली. पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, बीपी वाढलं का?" तिच्या आईचं वाढतं म्हणे. तिच्या आईचं नेमकं काय वाढत असेल ते मला तेव्हाच कळलं, पण मी म्हटलं, "काही नाही, पापुद्रा बघ."

घरी आमच्या ह्यांचंही निदान बीपीच. ह्यांच्या मते बायकांना दोनच आजार होतात, बीपी आणि टेन्शन. पहिल्याला गोळी असते, दुसऱ्याला दुर्लक्ष. आमचं गाव घोड नदीच्या काठाला, इनामगावच्या बाजूला. ऊस आहे, कांदा आहे आणि ह्यांचं राजकारण आहे, आणि ते या दोन्हीपेक्षा जास्त पाणी पितं. ऐन थंडीत मी रात्री पंखा पाचवर ठेवायला लागले, तेव्हा हे माकडटोपी घालून झोपू लागले आणि पारावर सांगू लागले, "आमच्या घरात महाबळेश्वर हाय."

शिरूरमध्ये एका डॉक्टरांकडं गेले. त्यांनी बीपी मोजलं. ते चांगलं निघालं म्हणून त्यांची जरा निराशा झाली. मग म्हणाले, "वय आहे हो मॅडम. कॅल्शियम घ्या. मन रमवा. नातवंडं आहेत का?"

"नाहीत."

"मग भजन वगैरे?"

मी म्हटलं, "डॉक्टर, मी दिवसाला पाच तास शिकवते, दोन वेळचा स्वयंपाक करते, पेपर तपासते. मन रमवायला वेळ कधी काढू तेवढं लिहून द्या." त्यांनी कॅल्शियम लिहून दिलं.

माझी थोरली बहीण दौंडला असते. आमचे दाजी रेल्वेत गार्ड होते. आता रिटायर झालेत, पण कॉलनीजवळच फ्लॅट घेतलाय. गाड्यांचा आवाज नसला तर त्यांना झोप लागत नाही म्हणे. सुट्टीत आक्काकडं गेले, तर दार उघडणाऱ्या बाईला मी क्षणभर ओळखलंच नाही. आक्का निम्मी झाली होती. गाल बसलेले, पण डोळे टवटवीत.

"काय झालं गं तुला? शुगर?"

"शुगर तुझ्या दुश्मनाला," आक्का म्हणाली. "मी खात नाही."

म्हणजे रात्री आठनंतर काही खायचं नाही, ते थेट दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत. मधल्या वेळात पाणी आणि बिनसाखरेचा, बिनदुधाचा चहा. त्याला इंटरमिटंट फास्टिंग म्हणतात, हे आक्कानं मला दोनदा म्हणून दाखवलं. दुसऱ्यांदा बरोबर आलं. "माझ्या वाफा गेल्या," ती म्हणाली. "रात्री झोप लागते. ह्यांच्यावर ओरडणं पण कमी झालंय." आतून दाजी म्हणाले, "ते काय कमी झालेलं न्हाई."

संध्याकाळी ती मला त्यांच्या उपासाच्या कोच बाईंकडं घेऊन गेली. कॉलनीतल्या पंधरावीस बायका चटयांवर बसल्या होत्या. ह्या कोच बाई आधी प्लास्टिकचे डबे विकायच्या. मग डब्यात भरायची पावडर विकू लागल्या. आता डबा उघडू नका, हे विकतात. तिन्ही गोष्टी त्यांनी त्याच बायकांना विकल्या, आणि बायकांची काही तक्रार नव्हती. बाईंनी सांगितलं की, उपाशी राहिलं की पेशी स्वतःचा कचरा स्वतःच खातात. जीवशास्त्राची बाई म्हणून मला हात वर करून विचारावंसं वाटलं, की मग कचरा संपल्यावर काय खातात? पण मागच्या चटईवरची एक बाई डोळे पुसत होती. ती म्हणाली, "मला वाटलं मी वेडी होतीय. सुनेच्या अंगावर भांडं फेकलं मी." सगळ्याजणी एकदम बोलायला लागल्या. कुणाला रडू येतं, कुणाला दोनदोन साड्या बदलाव्या लागतात, कुणी नवऱ्याच्या श्वासाचा आवाज ऐकून उठून बसते. मला वाटलं, ह्यांना पेशींचं काहीही सांगा. एका खोलीत बसून हे बोलायला मिळतंय, त्यानंच निम्म्या वाफा जात असतील.

पावडर मी घेतली नाही. उपास मात्र घेऊन आले.

खरी अडचण घरी होती. सासूबाईंना मी आत्या म्हणते. आत्यांनी आयुष्यभर उपास केलेत. सोमवार, गुरुवार, संकष्टी, दोन्ही एकादश्या, वर नवरात्र. त्यांचा उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी, भगर, बटाट्याचा कीस, रताळं, वर ताक आणि संध्याकाळी राजगिऱ्याची वडी. त्या दिवशी चुलीसमोर मी इतर दिवसांपेक्षा दुप्पट वेळ उभी असते. पहिल्या सकाळी मी नाष्टा घेतला नाही, तेव्हा त्यांनी विचारलं,

"कुणाचा उपास?"

"माझा."

"आगं, तुझाच, पण कुणासाठी?"

"माझ्यासाठी. अंगातून वाफा येतात ना, त्यासाठी."

आत्यांनी चहाचा कप खाली ठेवला. नवऱ्याच्या आयुष्यासाठी उपास, पोराच्या नोकरीसाठी उपास, पाऊस पडावा म्हणून उपास, हे सगळं त्यांना समजत होतं. बाईनं स्वतःला झोप लागावी म्हणून उपाशी राहायचं, हा प्रकार त्यांच्या हिशेबात बसेना. "आसला मतलबी उपास मी कवा ऐकला न्हाई," त्या म्हणाल्या आणि चहात खारी बुडवली.

पहिला आठवडा वाईट गेला. डोकं दुखायचं, पित्त व्हायचं. सकाळच्या तासाला मी पचनसंस्था शिकवत होते आणि माझी स्वतःची पचनसंस्था वर्गाला ऐकू येत होती. कमी झालेली म्हणून जी चिडचिड आक्कानं सांगितली होती, ती माझ्याकडं मुक्कामाला आली. हे जेवताना पापड मोडायचे, तर त्या आवाजानं मला ह्यांना घराबाहेर काढावंसं वाटायचं.

त्यातच संकष्टी आली. आत्यांचा उपास चंद्रावर चालतो, माझा मोबाईलवर. त्या रात्री चंद्र नऊनंतर उगवणार होता आणि माझं जेवण आठला बंद होत होतं. इतकी वर्षं मीही संकष्टी धरत आले होते, त्यामुळं आत्यांनी ताटं वाढायची वेळ ठरवूनच टाकली होती. मी साडेसातला मोदक, वरणभात खाऊन हात धुतले. आत्या ओसरीवर आल्या आणि आभाळाकडं बोट दाखवून म्हणाल्या, "त्यो अजून निजलाय, आन् ही जेवून मोकळी." पुढचे चार दिवस घरात कुणालाही शिंक आली तरी तिचं कारण मी होते.

पण तिसऱ्या आठवड्यात थोडा फरक पडला. झोप बरी लागायला लागली. वाफा येत होत्या, पण रात्रीच्या जरा कमी. ते उपाशी राहण्यानं झालं, की रात्री दहाला भाकरी-कालवण खाऊन लगेच आडवं पडणं बंद झालं म्हणून, हे मला ठरवता येईना. ठरवायची घाईही नव्हती. मी बारा ते आठ अगदी नेटानं पाळायला लागले. नेमकी तेव्हाच ग्रामपंचायतीची निवडणूक लागली.

ह्यांना आमच्या वॉर्डातून उभं राहायचं होतं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या प्रचारात घसा फोडला होता, आता स्वतःसाठी फोडायचा होता. ह्यांच्या पॅनेलची बैठक आमच्या ओसरीवर झाली आणि त्यात ठरलं की, मॅडम सुशिक्षित आहेत, बायकांत चांगलं बोलतात, त्यांना घरोघरी न्यायचं. मला कुणी विचारलं नाही. हे आत येऊन एवढंच म्हणाले, "रविवारी सकाळी नऊला तयार राहा. ती शेवाळी साडी नेस. लई भारी दिसायचं न्हाई आन् लई गरीब पण दिसायचं न्हाई."

प्रचार म्हणजे खाणं, हे मला माहीत नव्हतं. प्रत्येक घरी पोहे, प्रत्येक घरी चहा. भावकीतल्या पहिल्या पाचसहा घरी मी "नको, उपास आहे" म्हटलं. त्यांनी आग्रह केला, मी हसले, पुढं निघालो. मागं काय बोललं गेलं ते नंतर कळलं. मास्तरीणबाईला माज आलाय, एवढंच. भावकीचं ते नेहमीचं मत आहे, त्याला पोह्यांची गरज नाही.

मग आम्ही बौद्धवस्तीत गेलो. पहिलंच घर एका ग्रामसेविका बाईंचं. त्या माझ्याच वयाच्या, नोकरी दौंड तालुक्यात, रोज गाडीवर जाऊन येऊन करतात. मी त्यांना तोंडओळखीनं ओळखत होते. त्यांनी मला आत नेलं, सोफ्यावर बसवलं. हे आणि पॅनेलची माणसं दाराशी हात जोडून उभी. बाईंनी पोह्यांची बशी पुढं केली, वर खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड. माझ्या तोंडून सवयीनं गेलं, "नको ओ, माझा उपास आहे."

त्यांनी बशी मागं घेतली. भिंतीवरच्या कॅलेंडरकडं एकदा बघितलं. मग अगदी शांतपणे म्हणाल्या, "आज तर काहीच नाहीये."

मी काही बोलणार तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "राहू द्या मॅडम. आमच्या आजीच्या काळात तुमच्यातल्या बायका सरळ नको म्हणायच्या. आईच्या काळात पोट भरलंय म्हणायच्या. आता उपास म्हणतात. सुधारणाच म्हणायची."

 ह्यांचे जोडलेले हात तसेच राहिले, पण चेहरा उसाला तुरा आल्यासारखा पांढरा पडला. पॅनेलमधला एक आप्पा घाईघाईनं म्हणाला, "आवो, तसं न्हाई ताई, मॅडमचं देवाधर्माचं..." म्हणजे आगीत रॉकेल.

मला राग आला तो त्या बाईंचा नाही. त्यांनी जे म्हटलं ते त्यांच्या घरानं बघितलेलं होतं. कोच बाईंनी पाणी चालतं, काळा चहा चालतो, लिंबू चालतं हे सगळं सांगितलं होतं. कुणाच्या दारात नको म्हटल्यावर त्याचा अर्थ काय होतो, हे सांगितलं नव्हतं, आणि ह्या गावात पंचवीस वर्षं नांदून मलाही ते तिथं बसेपर्यंत सुचलं नव्हतं. खोटं कारण सांगून सुटायला जागा नव्हती. मी खरं तेच सांगितलं, आणि आवाज माझा वर्गातला, खणखणीत.

"ताई, माझी पाळी जायची वेळ आलीय. अंगातून वाफा निघतात, रात्री झोप लागत नाही, डोकं फिरतं. त्यासाठी मी रात्री आठपासून दुपारी बारापर्यंत काही खात नाही. देवाचा नाही, जातीचा नाही, डॉक्टरचा सुद्धा नाही. दौंडच्या बहिणीनं सांगितलेला उपास आहे."

दाराशी उभ्या असलेल्या पॅनेलचं जे झालं ते बघण्यासारखं होतं. एकजण पत्र्याकडं बघायला लागला. एकाला फोन आला, न वाजताच. आमचे हे चप्पल शोधायला लागले, ती पायातच होती. गावचा कारभार चालवायला निघालेली ही सहा माणसं, पाळी ह्या शब्दानं अंगणापलीकडं गेली.

ग्रामसेविका बाई हसल्या नाहीत. त्यांनी मला नीट न्याहाळलं, खरं बोलते का ते बघत असाव्यात. मग म्हणाल्या, "बारापर्यंत न खाल्ल्यानं वाफा थांबल्या का?"

"थोड्या."

"मग आज खा. एक दिवस जास्त आल्या तर इथं पंखा आहे."

मी पोहे खाल्ले. खरं सांगायचं तर दोन बश्या खाल्ल्या, कारण प्रचारात चालून भूक कडकडून लागली होती. दुसरी बशी संपता संपता वाफ आलीच. माझा चेहरा लाल झालेला बघून त्यांनी टेबलफॅन माझ्याकडं वळवला आणि बाजूच्या खुर्चीत स्वतः पण पदरानं वारा घेत बसल्या. "मला वर्ष झालं," त्या म्हणाल्या. "पंचायत समितीच्या मीटिंगमधून उठून बाहेर जाते. साहेबांना वाटतं मी फोनवर बोलायला जाते. एकदा म्हणाले, घरी काही भानगड आहे का?"

मग आम्ही बराच वेळ बोललो. निघताना मी म्हटलं, "ह्यांच्याकडं लक्ष असू द्या."

"तुमच्याशी बोलून बरं वाटलं," त्या म्हणाल्या. "मत मात्र तुमच्या मालकांना नाही. वस्तीच्या गटाराचं मागच्या वेळीच सांगून गेले होते. तेव्हा दुसऱ्याच्या प्रचाराला आले होते, पण हात असेच जोडले होते."

ही बातमी दुपारपर्यंत गावभर झाली. प्रत्येक गल्लीत ती थोडी थोडी वाढत गेली. शेवटच्या आवृत्तीत मी माईकवरून जाहीर केलं होतं. संध्याकाळी हे घरात नुसते येरझाऱ्या घालत होते. "पाच वर्षांची माझी तयारी," हे म्हणाले, "आन् तू एका बशीवर घालवली."

"दोन बश्या," मी म्हटलं.

"लोकं काय म्हणतील? उमेदवाराच्या घरातलं असलं चव्हाट्यावर? मला आता कुठं तोंड दाखवायचं?"

"वाफा मला येतात. तोंड तुम्ही कशाला लपवताय?"

ह्यांनी वाढलेलं ताट सरकवलं आणि हे जेवले नाहीत. त्या रात्री आमच्या घरात माझ्यापेक्षा कडक उपास ह्यांचा झाला.

आत्या कोपऱ्यात लसूण सोलत सगळं ऐकत होत्या. हे बाहेर गेल्यावर म्हणाल्या, "आमाला न्हाई बाई असलं काय झालं." मी भांडी आवरत राहिले. थोड्या वेळानं आपणहूनच म्हणाल्या, "निस्तं दोन वरीस मी बाहेर बाजंवर झोपायची. भर थंडीत. आंग पेटायचं नुसतं. तुझ्या सासऱ्याला वाटलं मला कुणाचं तरी लागलंय. देवऋष्याकडं न्हेलं. त्यानं लिंबं उतरली, कोंबडं घेतलं."

"मग?"

"मग काय. कोंबडं त्यानं खाल्लं. आंग पेटायचं ते पेटतच हुतं."

ज्या बाईला काहीच झालं नव्हतं, तिच्यावरून कोंबडं उतरवलं होतं. मी हातातलं काम ठेवून त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि लसूण सोलू लागले. त्यांनी मला मतलबी म्हटलेलं मी तिथंच सोडून दिलं. त्यांनी सोडलं का, माहीत नाही. पुढच्या संकष्टीला त्यांनी मला पुन्हा आभाळ दाखवलंच.

दुसऱ्या दिवसापासून बायका यायला लागल्या. कुणी दळण घेऊन, कुणी विरजणाला दही मागायला, कुणी लेकीच्या अकरावीच्या प्रवेशाचं विचारायला. दही हातात घेतलं की आवाज खाली. "मॅडम, ते तुम्ही वस्तीत सांगितलं म्हंजी, तसं मला पण..." त्यात भावकीतल्या, मला माज आलाय म्हणणाऱ्या दोघीही होत्या. मी कोणालाही उपास करा म्हटलं नाही. एकीला शुगर होती, तिला तर हात जोडून सांगितलं की हे करू नका, आधी डॉक्टरला दाखवा.

निवडणूक हे हरले. समोरच्या पॅनेलनं आदल्या दोन रात्री मळ्यात मटणाच्या पंगती घातल्या होत्या, आणि आमच्या पॅनेलमधले दोघंजण तिथंही जेवून आले होते. हे सगळ्या गावाला माहीत आहे. पण ह्यांच्या विश्लेषणात मटण कुठंच नाही. आजही कुणी विचारलं तर हे उसासा टाकून म्हणतात, "आमची सीट पोह्यावर गेली."

मी मात्र नंतर दौंडलाच एका लेडी डॉक्टरांकडं गेले. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही नातवंडं काढली नाहीत. रक्ताच्या तपासण्या केल्या. म्हणाल्या, रात्री लवकर जेवता ते चांगलं आहे, ते ठेवा. पण ह्या वयात हाडं आणि स्नायू राखायचे तर डाळ, दूध, अंडी पोटात गेली पाहिजेत. उपाशी राहून वाफा जातात असं मी तुम्हाला छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. मग औषधांचं बोलणं झालं, त्यातले धोके आणि फायदे त्यांनी समोर मांडले आणि निर्णय मला घ्यायला सांगितला. कुणीतरी निर्णय मला घ्यायला सांगितला, ह्याचंच मला नवल वाटलं. मी औषध सुरू केलं. आता संध्याकाळी सातला जेवते, सकाळी कॉलेजच्या आधी दोन अंडी खाते. वाफा येतात, पण पाहुण्यासारख्या, तोंड दाखवून जातात. आक्का म्हणते मी फसवणूक करतेय. ती अजून बारालाच खाते आणि खूश आहे. मी तिच्याशी वाद घालत नाही.

मागच्या महिन्यात स्टाफरूममध्ये आमचे एक सहकारी सर खुर्ची सरकवून माझ्याजवळ आले. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले, "मॅडम, ते तुमचं सोळा तासांचं टाइमटेबल द्या ना. आमच्या मिसेस हल्ली फार चिडतात. घरात बसवत नाही. त्यांना चालू करतो."

"त्यांना काय त्रास होतो?" मी विचारलं.

"ते काही विचारलं नाही."

"झोप लागते का?"

"लागत असेल. मी आधी झोपतो."

"मग सर," मी म्हटलं, "आज घरी जाऊन आधी तेवढं विचारा."

ते जरा गडबडले. म्हणाले, "विचारलं तर अजून चिडेल हो ती. तुम्ही टाइमटेबल द्या ना नुसतं."

मी दिलं नाही. त्यांच्या बायकोचा नंबर मागून घेतला आणि मधल्या सुट्टीत फोन लावला. मी कोण ते सांगितलं आणि विचारलं, "तुम्हाला रात्री झोप लागते का हो?" पलीकडून आधी दार लावल्याचा आवाज आला. मग त्या बोलायला लागल्या, आणि तासाची घंटा होऊन गेली तरी त्यांचं संपलं नव्हतं.